अर्ध्या वेगाची मंगलाष्टकं

वैशाखातला शनिवार, भर दुपार, लोडशेडिंगची वेळ. हजर: आई, बाबा, गजूकाका, नलूताई, मी आणि ओसरीतल्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया. गैरहजर: वीज. कोणत्याही कामाची नोंद मी हजेरीपासून सुरू करते. ऑफिसातली मुलं त्यावरून हसतात, पण काम फसलं की हीच मुलं विचारत येतात, मॅडम, त्या दिवशी टेबलाशी कोण कोण होतं? तर त्या शनिवारी दारव्ह्याच्या आमच्या घरात एवढी माणसं होती आणि पुढे जे झालं त्यात प्रत्येकाचा थोडाथोडा हात होता. विजेचा सगळ्यांत जास्त.

बाबांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात कर्णे एकात एक घालून ठेवलेले, वायरींची भेंडोळी खुंटीला, आणि अॅम्प्लिफायरवर आईचं बरणीभर लोणचं ऊन खात बसलेलं, कारण खिडकी तिथेच होती. समोर रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी. ती चालू असली की घरात ओरडून बोलायचं आणि बंद झाली तरी सवयीनं ओरडूनच बोलायचं. गजूकाका बाबांचे बालमित्र. दुकानात ते नेमकं काय काम करत हे सांगणं अवघड आहे, पण ते नसले की काही चालू होत नसे आणि असले की बंद होत नसे. नलूताई माझ्या धाकट्या काकांची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. तिचं लग्न आठवड्यावर आलं होतं, म्हणून ती आईकडे कुरडया शिकायला आली होती. शिकणं कमी, गरम चीक वाटीत घेऊन, त्यात तेल आणि तिखट-मीठ कालवून ओरपणं जास्त. आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष संपवून घरी आलेली, एका हातात सोल्डरिंग गन आणि दुसऱ्या हातात, अर्थातच, चीक.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. घरोघरी पडणारे मंडप बंद झाले आणि साऱ्या तालुक्याचा मिळून एकच मंडप पडायला लागला, सामूहिक विवाहाचा. नलूताईचं लग्नही त्याच मंडपात, बाजार समितीच्या आवारात ठरलं होतं. मुलगा मुकुटबनचा, शाळेत शिक्षक, सरळ. सरळ नव्हते ते त्याचे थोरले काका, दादाराव चिंचोळकर. मुलाचे वडील लवकर गेलेले, म्हणून घरात शब्द दादारावांचा. ते आमच्या घरी बोलणी करायला आले तेव्हा आईने पातोडीचा रस्सा केला होता. त्यांनी तो दोनदा मागून घेतला, हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग म्हणाले, "सामूहिक त सामूहिक. आपली ना नाई. पण तिथं जोडपी उभी राह्यतीन पऱ्हाटीच्या झाडासारखी वळीनं. त्यात चिंचोळकराचं पोरगं कोणतं, हे कोनाले समजन? मंगलाष्टकात आमच्या घराण्याचं नाव आलं पाह्यजे, अन् साऱ्या मंडपानं थे ऐकलं पाह्यजे. नाई आलं त आमी पोरगं घिऊन वापस. मंग लगन पुढच्या साली, तुमच्या दारात."

पुढच्या साली दारात म्हणजे काय, हे धाकट्या काकांच्या, नलूताईच्या वडिलांच्या, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दारात मंडप घालायची त्यांची ताकद त्या वर्षी नव्हती आणि पुढच्या वर्षी असेल असं कापसाकडे बघून कुणी म्हणालं नसतं. नलूताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिच्या हातातली वाटी रिकामी नसतानाही थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"येईन नाव," आई आतून म्हणाली. "मी घालीन. पयलंच कडवं तुमच्या नावाचं."

नात्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं आईचीच असत. स्वतःच रचायची, दोन्ही घराण्यांची नावं, गावं, विहीर, आंब्याचं झाड, सगळं त्यात गुंफायची. पण ती म्हणायची ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून. माइकवाल्याच्या बायकोला माइकची धास्ती होती. "थे दांडकं समोर दिसलं का माह्या तोंडाले कुलूपच लागते," ती म्हणे. तेव्हा तोड निघाली की घरीच कॅसेट भरायची आणि मंडपात ती वाजवायची. सामूहिक विवाहाच्या समितीलाही बरं वाटलं. एवढ्या जोडप्यांसाठी गळा टिकेल असा भटजी मिळत नव्हता.

इथे अडचण होती बाबांच्या टेपची. व्होल्टेज जरा उतरलं की त्याची मोटर मंद व्हायची आणि गाणारी बाई पुरुष होऊन जायची. आदल्या वर्षी एका कार्यक्रमात स्वागतगीत असं रेकलं की पाहुण्यांनी हार हातात घेऊन शोकसभेसारखी मान खाली घातली. बाबांना ते लागलं होतं. कॅसेटवर नलूताईचं लग्न अवलंबून आहे म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "शिकली ना तू? मंग कर काहीतरी."

मी फेज लॉक लूप करायचं ठरवलं. कॉलेजात ते कागदावर शिकलो होतो, ग्रीक अक्षरांत. घरी बाबांना समजावताना बैल कामी आले. नव्या गोऱ्ह्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात. मुरलेला आपल्या चालीनं चालतो. नवा पुढे पळाला की कासरा आवळायचा, मागे राहिला की सैल सोडायचा; थोड्या वेळानं दोघांची पावलं बरोबर पडायला लागतात. माझा मुरलेला बैल म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक, घड्याळात असतो तसा, कधी न चुकणारा. गोऱ्हा म्हणजे टेपची मोटर. मोटरच्या चाकावर मी काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर बसवला, की आली मोटरची पावलं मोजता. दोघांची पावलं ताडून बघणारी एक आयसी नागपूरहून आणली. तिच्या सांगण्यावरून मोटरला वीज कमी-जास्त मिळणार. कासरा धरणारा हात म्हणजे मधला फिल्टर: एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, दोन्ही मिळून मसुरीच्या मूठभर दाण्यांपेक्षा मोठे नाहीत. सगळं शहाणपण आणि सगळा मूर्खपणा त्यांच्यात.

आधी मी मोठा कपॅसिटर लावला. हात इतका सावकाश की मोटर चालीवर येईपर्यंत गाण्याचं धृपद संपून गेलं. गजूकाका दारात बिडी विझवत म्हणाले, "सुमे, हे गाणं होय का म्हशीचं बाळंतपण?" मग लहान कपॅसिटर लावला. आता लूप चटकन पकडायची, पण पकडून थरथरायची; जरा पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे. गाणारी बाई शेळीसारखी बें बें करू लागली. "बाईले थंडी भरली वं," गजूकाका म्हणाले आणि आईनं आतून विचारलं, "कोनाले काढा पाह्यजे?" शेवटी कपॅसिटरच्या पायाशी आणखी एक छोटा रेझिस्टर जोडला. झोका थांबवायला आपण फळीला नुसता तळवा लावतो ना, तेवढंच त्याचं काम. बटण दाबलं. हलकी कुईं झाली आणि बाईनं तोंड उघडायच्या आत मोटर चालीवर. गजूकाकांनी चाकाला हात लावून, वायर ओढून, टेबल हलवून पाहिलं. ढिम्म. "आता बाई माणसात आली," त्यांनी निकाल दिला. त्या दिवशी आईनं मला आमरसाची वाटी जास्तीची दिली आणि नलूताईनं ती अर्धी संपवली.

आता रेकॉर्डिंग. गिरणी चालू असताना आईचा आवाज भरणं अशक्य. पट्ट्याची फटफट आणि दळणाची घरघर थेट माइकमध्ये. गिरणी बंद पडायची फक्त लोडशेडिंगला. म्हणून मी वेळापत्रक पाहून शनिवारची दुपार ठरवली. वीज नाही म्हणजे शांतता, आणि टेप चालवायला प्रचाराच्या जीपची जुनी बॅटरी. बॅटरी दमलेली होती, पण लूप आहे ना, मी म्हटलं. लूप असतेच कशासाठी?

ओसरीत गोधडीचा आडोसा केला. माइक मी पितळी डब्यामागे लपवला, म्हणजे आईला दिसू नये. "डब्याकडं पाह्यून म्हण," बाबा म्हणाले. आईनं पदर सावरला, डब्याकडे बघितलं, "यात साखर हाये का?" असं विचारलं आणि सुरू झाली. पहिलं कडवं नलूताईचं. चिंचोळकरांचं घराणं, मुकुटबनची वेस, दादारावांचं नाव, सगळं एका दमात, आणि शेवटी ते लांबवलेलं सावधान. नलूताईनं चिकाची वाटी खाली ठेवली आणि खांबाकडे तोंड करून बसली. पुढची कडवी इतर जोडप्यांसाठी, सर्वांना चालतील अशी. मधे एकदा कुरडईवर बसलेल्या चिमणीला हाकलायला आई थांबली, तेवढंच. लगेच त्याच टेपवर वाजवून पाहिलं. आवाज जरा घोंगडीतून आल्यासारखा, पण सूर आईचाच, चाल आईचीच. बाबांनी कॅसेट काढून पिशवीत गुंडाळली आणि गजूकाकांनी ती तांदळाच्या कोठीत ठेवून दिली. "आता लगनालेच काढू. वाजोल्यानं घासते थे." आठवडाभर मी टेप तपासला, पण तो सिनेमाच्या गाण्यांवर, विजेवर. प्रत्येक वेळी लूप लागलीच पकडे आणि सोडत नसे.

लग्नाच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात, जिथे हंगामात कापसाच्या गाड्या उभ्या राहत, तिथे जोडपी ओळीनं उभी. प्रत्येक जोडप्यामध्ये धरलेला अंतरपाट. एका बाजूला कढयांतून आलू-वांग्याचा वास, दुसऱ्या बाजूला बाबांनी खास आणलेला नवा जनरेटर, घुमणारा, भरपूर व्होल्टेज देणारा. मी टेबलाशी. दादाराव नलूताईच्या अंतरपाटाचं एक टोक स्वतः धरून, कान टवकारून. मुहूर्त झाला, बाबांनी मान हलवली, मी बटण दाबलं.

लूपनं एका क्षणात पकडलं. घट्ट, स्वच्छ, अजिबात थरथर नाही. आणि साऱ्या कर्ण्यांतून, बाजार समितीच्या पत्र्यांवर आदळत, एका खारीनं मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली.

मला काय झालं ते तिथेच, बसल्या जागी कळलं. माझी आयसी भोळी होती. दोघांची पावलं बरोबर पडतात की नाही, एवढंच ती बघायची. मुरलेल्यानं दोन पावलं टाकली आणि गोऱ्ह्यानं एकच, तरी तिला ते जुळल्यासारखंच वाटे. शनिवारी दमलेल्या बॅटरीवर मोटर हळूहळू वर येत होती. वाटेत अर्ध्या वेगावर पावलं जुळलेली दिसली आणि लूप तिथेच मुक्कामाला बसली. आम्ही भरलं अर्ध्या वेगात, ऐकलं अर्ध्या वेगात, म्हणून सगळं बरोबर वाटलं. आता जनरेटरच्या जोरावर मोटर थेट पूर्ण वेगाला पोचली आणि आई दुपटीनं धावत सुटली. आज माझ्या टेबलावरच्या लूप पापणी लवायच्या आत लॉक होतात. नवी मुलं कौतुकानं दाखवायला येतात. मी प्रत्येकाला विचारते, लॉक झालं ते ठीक, कशावर झालं?

तोवर नलूताईचं कडवं संपलंसुद्धा. चिंचोळकर, मुकुटबन, दादाराव, सगळं चिमणीच्या चिवचिवाटासारखं निघून गेलं आणि "सावधान" तर शिंकेसारखं झालं. लोकांनी सवयीनं अक्षता टाकल्या आणि मग पोट धरलं. दादारावांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत टेपचं झाकण उघडून चाकावर बोट टेकलं. पूर्ण वेगाचं ते सुरेख लॉक माझ्याच हातानं तोडायचं होतं. बोट दाबलं तशी खार उतरत उतरत बाई झाली, मग जरा बुवा झाली. बोट किंचित सैल केलं आणि अर्ध्या वेगावर लूपनं हळूच पकडलं. आई! आईच्याच चालीत दुसरं कडवं मंडपभर पसरलं. पण पकड कच्ची होती. बोटाचा भार कायम हवा होता. मी तशीच वाकून बसले, डोक्यावर ज्वारीच्या अक्षता पडताहेत, एक नाकात गेलेली. चौथ्या कडव्याला शिंक आलीच. "कुलवंत" या शब्दाचं "कुल" आईनं म्हटलं आणि "वंत" खारीनं.

"दाब वं, दाब!" गजूकाका कानाशी ओरडले. "बाई पळून राह्यली!"

शेवटचं सावधान मात्र असं लांब, असं भरून आलं की बायकांनी डोळे पुसले. अंतरपाट सुटले, हार पडले, ताशा वाजला. साऱ्या आवारात एकच अंतरपाट तसाच राहिला. दादारावांनी टोक सोडलं नव्हतं.

"नाव कोठी आलं?" ते म्हणाले. "चिंचोळकर कोनाले ऐकू आलं? पयलं कडवं पुन्हा लावा. नाई त आमी हे चाललो."

पुन्हा लावता येणार नव्हतं. तोवर माइक प्रमुख पाहुण्यांच्या हातात गेला होता आणि पुढाऱ्याच्या हातून माइक काढायला जनरेटर बंद पडावा लागतो. धाकटे काका हात जोडून उभे. बाबा वायरी गुंडाळण्याचं सोंग करत होते. अंतरपाटामागे नलूताई, हार धरून. कापड हलत होतं. मला वाटलं ती रडते आहे.

आई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. समोर माइक नव्हता, तेव्हा तोंडाला कुलूप नव्हतं. "दादाराव, तुमची अट काय होती? नाव आलं पाह्यजे अन् साऱ्या मंडपानं ऐकलं पाह्यजे. थांबा, आइका."

मंडपाच्या कडेनं पोरांचा घोळका पळत होता. सगळी नाक दाबून, बारीक आवाजात, एकसुरात: "चिंचोळकर-चिंचोळकर-मुकुटबन-दादाराव!" जेवणाच्या पंगतीत कुणीतरी तेच म्हणालं आणि पंगत फुटली. पाहुण्यांचं भाषणही क्षणभर थांबलं. त्या दिवशी लग्न लागलेल्या साऱ्या जोडप्यांत लोकांना एकाच घराण्याचं नाव पाठ झालं होतं.

"दुसऱ्या कोनाचं नाव कोनाले माहीत हाये, सांगा," आई म्हणाली.

दादारावांची बायको इतका वेळ तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं पदर काढला. "सोडा आता थे फडकं! आतमंदी दोघं हासू हासू मरून राह्यले."

खरंच कापड हसण्यानं हलत होतं. आमचे नवरदेव गुरुजी चष्मा काढून डोळे पुसत होते आणि नलूताईनं हार चुकून स्वतःच्याच मनगटात अडकवला होता. दादारावांनी दोघांकडे पाहिलं, पोरांच्या घोळक्याकडे पाहिलं. टोक सोडलं नाही.

"अट पुरी झाली म्हणा," ते सावकाश म्हणाले. "पण खारीच्या तोंडून. माणसाच्या तोंडून बाकी हाये."

"थे माह्यावर," आई म्हणाली. "माही पोरगी हाच टेपचा डब्बा घिऊन मुकुटबनले येईन, अन् तुमच्या दारात तुमचं कडवं वाजवन. नीट चालीत."

"याच डब्यातून?"

"याच डब्यातून."

मग अंतरपाट सुटला. माझं बोट चाकाच्या घर्षणानं लाल झालं होतं. गजूकाकांनी त्यावर बुंदीच्या परातीतलं तूप लावलं आणि उरलेलं चाटून टाकलं.

नंतर मी पुण्याला नोकरीला आले, आणि हे काम प्रत्येक वर्षीच्या यादीत वरून खाली, खालून वर होत राहिलं. आईचा आवाज आता बसला आहे. फोनवर ती कुजबुजल्यासारखी बोलते, तेही ओरडून. ते कडवं तिच्या आवाजात फक्त त्या कॅसेटवर आहे. नलूताईच्या मुलानं ती संगणकावर घेऊन वेग निम्मा केला, चुटकीसरशी, आणि आजोबांना मोबाइलवर ऐकवलं. दादारावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मोबाइल परत दिला. "हे डब्यातून नाई," ते म्हणाले. नलूताई सांगते, ते अजून पोळ्याला ओट्यावर बसले की विचारतात, "खारीवाली आली का?" शब्द आईचा होता, पण माझ्या नावावर दिलेला. पंचनामा केला तर अडचण एवढीच: टेपचा रबरी पट्टा विरघळून चाकाला चिकटला आहे, आणि तसा पट्टा आता मिळत नाही.

यादी समोरच आहे. पट्टा शोधणे, यवतमाळच्या जुन्या रेडिओवाल्याला विचारणे. चाक पुसणे, पट्टे पुन्हा रंगवणे. आयसी बदलायची नाही, तीच भोळी हवी. मुकुटबनला नलूताईकडे मुक्काम, दोन दिवस. सोबत बॅटरी न्यायची, मात्र ती पूर्ण भरायची नाही.